आकड्यासोबत दिशाही: डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सिलिंडर नंबर किती बदलला, हे कसं मोजावं

गुरुजी दोन चिठ्ठ्या घेऊन आले होते. एक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीची, दुसरी दीड महिन्यानंतरची. दोन्हींवर सिलिंडरच्या रकान्यात तोच आकडा होता: उणे १.००. "म्हणजे इथे काही फरक पडला नाही ना, डॉक्टर?" त्यांनी विचारलं. मग जरा थांबून म्हणाले, "पण एसटीची पाटी वाचताना काहीतरी वेगळंच होतंय. आधी अक्षरांची शिरोरेषा फरफटलेली दिसायची. आता शिरोरेषा स्वच्छ आहे, पण काना दुहेरी दिसतो."

आयुष्यभर मुलांकडून अक्षरं गिरवून घेतलेल्या माणसाने अचूक निरीक्षण करून आणलं होतं. सिलिंडरच्या शेजारच्या रकान्यात अक्ष लिहिलेला असतो. पहिल्या चिठ्ठीवर तो १८० होता, दुसरीवर ९०. आकडा जागच्या जागी राहिला होता आणि दिशा काटकोनात फिरली होती. हा बदल शून्य धरला तर चूक होते. तो पूर्ण २ डायऑप्टरचा आहे.

हा लेख नेत्रशल्यचिकित्सा शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी, ऑप्टोमेट्रिस्टसाठी आणि रोज केरॅटोमीटरवर बसणाऱ्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांसाठी आहे. शस्त्रक्रिया झालेल्या आणि स्वतःची चिठ्ठी समजून घ्यायची इच्छा असलेल्या वाचकालाही तो उपयोगी पडेल. सांगायची गोष्ट एकच आहे: सिलिंडरचा आकडा दिशेशिवाय मोजू नका, लिहू नका आणि वजा करू नका.

सिलिंडर आणि छेद यांचं नातं

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला कॉर्निया म्हणतात. तो चेंडूसारखा सगळीकडून सारखाच वळलेला असेल तर समोरच्या ठिपक्याची प्रतिमाही ठिपकाच राहते. एका दिशेला वळण जास्त आणि काटकोनातल्या दिशेला कमी असेल, तर त्याच ठिपक्याची रेघ होते. याला अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. चष्म्याच्या दुकानात यालाच सिलिंडर नंबर म्हणतात, कारण तो घालवायला दंडगोलाकार वळणाचं भिंग लागतं. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८२५ साली स्वतःच्या डाव्या डोळ्यातला हा दोष मोजला आणि इप्सविचच्या एका चष्मेवाल्याकडून तशी काच घासून घेतली. पुढे १८४९ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी दोन दंडगोल भिंगं एकमेकांवर फिरवून हा दोष मोजायची युक्ती मांडली. अशा दोन भिंगांची बेरीज करताना त्यांच्यामधला कोन दुप्पट धरावा लागतो. आजही आपलं सगळं गणित याच दुपटीवर उभं आहे.

शस्त्रक्रियेत कॉर्नियावर किंवा त्याच्या काठाजवळ छेद घेतला की त्या दिशेचं वळण सैल पडतं, म्हणजे ती दिशा सपाट होते. काटकोनातली दिशा त्याच ओघाने अधिक वळते. छेद जितका रुंद आणि मध्याच्या जितका जवळ, तितका परिणाम मोठा. यंत्राने केल्या जाणाऱ्या फेको शस्त्रक्रियेचा छेद साधारण २.२ ते २.८ मिलिमीटरचा असतो. हाताने केल्या जाणाऱ्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत तो ६ ते ७ मिलिमीटरपर्यंत जातो. घट्ट टाका याच्या उलट वागतो. तो ज्या दिशेला असेल तिथे वळण वाढवतो, आणि काढला की उतरवतो.

छेदाची जागा किती महत्त्वाची आहे हे दाखवणारा एक अभ्यास २००५ साली 'इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी'मध्ये आला. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत छेद वरून घेतला तेव्हा सरासरी १.२८ डायऑप्टरचा बदल घडला. वर आणि कानशिलाच्या मधल्या जागेतून घेतला तेव्हा ०.२० चा, तर थेट कानशिलाच्या बाजूने घेतला तेव्हा ०.३७ चा. शस्त्रक्रिया त्याच पद्धतीची आणि भिंग त्याच प्रकारचं असूनही केवळ जागा बदलल्याने रुग्णाच्या चष्म्यात एवढा फरक पडतो. तो आपल्या हातून किती पडतो, हे ज्याने त्याने मोजायला हवं.

भाषा आधी पक्की करा

अक्ष मोजताना आपण रुग्णाच्या समोर बसलेलो असतो. आपल्या उजव्या हाताला शून्य अंश, तिथून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वर ९० आणि डावीकडे १८०. शून्य आणि १८० ही एकच आडवी रेघ आहे. म्हणून अक्ष ५ आणि अक्ष १७५ यांच्यात १७० अंशांचं अंतर नाही, फक्त १० अंशांचं आहे. ही गोष्ट लक्षात राहिली तर निम्म्या चुका टळतात.

दुसरी गोंधळाची जागा म्हणजे चष्म्याची चिठ्ठी आणि के रीडिंग (केरॅटोमीटरने मोजलेलं कॉर्नियाचं वळण) यांची वेगळी लिपी. चष्म्याच्या चिठ्ठीवर बहुधा उणे सिलिंडर लिहितात, आणि त्याचा अक्ष जास्त वळणाच्या दिशेशी काटकोनात असतो. 'उणे १.५०, अक्ष १८०' म्हणजे कॉर्नियाचं जास्त वळण ९० अंशांवर. के रीडिंगमध्ये मात्र थेट वळणाची दिशा लिहिलेली असते. विश्लेषणासाठी एकच रीत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. मी जास्त वळणाची दिशा आणि अधिक चिन्हाचा आकडा वापरतो. या लेखात पुढेही तेच केलं आहे.

मोजणी खरी नसेल तर गणित व्यर्थ

केरॅटोमीटरसमोर एक आजी बसल्या आहेत असं समजा. हनुवटी टेकली आहे, पण डोक्यावरचा पदर पुढे आल्यामुळे कपाळ पट्टीला लागत नाही. मान किंचित डावीकडे कलली आहे. डोकं ८ अंश कललं की अक्षही जवळपास तितकाच चुकीचा येतो, आणि यंत्र तो चुकीचा अक्ष अगदी ठळक अक्षरांत छापून देतं. त्यामुळे आधी पदर मागे घ्यायला सांगा, स्टूलची उंची जुळवा, दोन्ही डोळ्यांचे कोपरे एका आडव्या रेषेत आहेत का ते पाहा. मग म्हणा, "आजी, दोन-तीनदा डोळे मिटा-उघडा आणि समोर बघा." उघडझाप झाल्यावर लगेच अश्रूंचा थर एकसारखा पसरतो. त्याच क्षणी केरॅटोमीटरमधली वर्तुळं कडेपर्यंत स्वच्छ दिसतात. ती तुटक किंवा थरथरती दिसत असतील तर तो आकडा घेऊ नका. डोळा कोरडा असेल तर आधी काही आठवडे अश्रूंचे थेंब द्या आणि मग मोजा.

काही नियम आमच्या मोजणीच्या खोलीत भिंतीवरच लावलेले आहेत:

– के रीडिंग सगळ्यात आधी. भुलीचे थेंब, डोळ्याचा दाब मोजणं, कॉर्नियाला टेकवून केलेली बायोमेट्री हे सगळं त्यानंतर. या प्रत्येक गोष्टीने पृष्ठभाग बिघडतो.

– प्रत्येक डोळ्याची तीन रीडिंग. त्यांच्यात पाव डायऑप्टरहून जास्त फरक असेल तर पुन्हा बसवायचं. सिलिंडर १ डायऑप्टरहून जास्त असताना अक्ष ५ अंशांहून अधिक हलत असेल तरीही पुन्हा.

– हाताने चालवायच्या केरॅटोमीटरची पोलादी गोळीवर नियमित तपासणी. गोळीची त्रिज्या ७.५ मिलिमीटर असेल तर यंत्राने ४५.०० दाखवलं पाहिजे, कारण बहुतेक यंत्रं ३३७.५ ला मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागून आकडा काढतात.

– आधी आणि नंतर यंत्र तेच. एका यंत्रावरचं आधीचं रीडिंग आणि दुसऱ्यावरचं नंतरचं रीडिंग यांची वजाबाकी करून आलेला बदल छेदाचा की यंत्रांचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

– कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मऊ लेन्स एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स निदान तीन ते चार आठवडे आधी काढून ठेवायची.

सिलिंडर ०.२५ असताना अक्ष प्रत्येक वेळी वेगळा येतो म्हणून घाबरू नका. जवळपास गोल असलेल्या वस्तूची लांब बाजू कोणती, हे कुणी कसं सांगणार? खाली दिलेली रीत अशा हलत्या अक्षाला आपोआप कमी वजन देते. हा तिचा मोठा फायदा आहे.

कधी मोजायचं

दुसऱ्या दिवशीचं रीडिंग डोळ्याची तब्येत पाहायला ठीक आहे, विश्लेषणाला नाही. छेदाजवळ सूज असते, अश्रूंचा थर बिघडलेला असतो. लहान छेदाच्या फेकोनंतर चार आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी मोजावं. मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे थांबावं आणि मग तीन महिन्यांचं रीडिंग अंतिम धरावं. कॉर्नियाच्या प्रत्यारोपणात टाके असेपर्यंत सगळं तात्पुरतंच असतं. तिथे एकेक टाका काढण्याआधी आणि नंतर मोजणं हाच उपचाराचा भाग आहे.

एक छोटी सवय मला फार उपयोगी पडली. रुग्णाच्या ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली नाही, त्याचंही रीडिंग त्याच दिवशी, त्याच यंत्रावर घ्या. त्या डोळ्यात काहीच केलेलं नसतं, तरी दोन तारखांमध्ये थोडा 'बदल' दिसतोच. तो तुमच्या मोजणीचा गोंगाट. शस्त्रक्रिया केलेल्या डोळ्यातला बदल त्या गोंगाटाहून मोठा असेल, तरच त्यावर बोलायला अर्थ आहे.

वजाबाकी का फसते

गावाच्या पूर्वेला दोन किलोमीटर चालत गेलो आणि मग उत्तरेला दोन किलोमीटर, तर घरापासून चार किलोमीटर लांब गेलो असं कुणी म्हणत नाही. सिलिंडरलाही असाच आकडा आणि दिशा असते. फक्त एक वेगळेपण आहे: सिलिंडरची दिशा १८० अंशांत पूर्ण फिरते, तर नकाशावरची दिशा ३६० अंशांत. म्हणून अक्षाला दोनाने गुणायचं, नकाशावर मांडायचं, वजाबाकी करायची आणि उत्तराचा कोन पुन्हा निम्मा करायचा. नॉर्मन जॅफे आणि हेन्री क्लेमन यांनी १९७५ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या बदलांसाठी सदिशांचं हे गणित वापरून दाखवलं. आज ते कुठल्याही संगणकावर पाच मिनिटांत मांडता येतं.

कोन दुप्पट केला की ९० अंशांवरचा सिलिंडर नकाशाच्या डाव्या टोकाला जातो आणि १८० अंशांवरचा उजव्या टोकाला. गुरुजींचा १.०० डावीकडून उजवीकडे गेला, म्हणजे मधला २ डायऑप्टरचा प्रवास लगेच डोळ्यांना दिसतो. अक्ष ५ आणि १७५ मात्र नकाशावर जवळजवळ शेजारी बसतात.

एक डोळा, कागदावर

दुसऱ्या एका डोळ्याचं उदाहरण पाहू. वरून छेद घेतलेली बिनटाक्याची शस्त्रक्रिया. आधीचं के रीडिंग १८० अंशांवर ४३.००, ९० अंशांवर ४४.५०. म्हणजे ९० अंशांवर १.५० सिलिंडर. तीन महिन्यांनी २० अंशांवर ४३.२५, ११० अंशांवर ४४.००. म्हणजे ११० अंशांवर ०.७५. साधी वजाबाकी सांगते: ०.७५ चा बदल.

आता रीतीने करू.

पहिली पायरी: कोन दुप्पट करा. ९० चे १८०, ११० चे २२०.

दुसरी पायरी: प्रत्येकाचे दोन घटक काढा. आडवा घटक म्हणजे सिलिंडर गुणिले दुप्पट कोनाचा कोसाइन. उभा घटक म्हणजे सिलिंडर गुणिले दुप्पट कोनाचा साइन. आधीचे घटक: उणे १.५० आणि ०. नंतरचे: उणे ०.५७ आणि उणे ०.४८.

तिसरी पायरी: नंतरच्यातून आधीचे वजा करा. आडवा अधिक ०.९३, उभा उणे ०.४८.

चौथी पायरी: दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा. १.०४ येतं. या घटकांचा नकाशावरचा कोन सुमारे ३३२ अंश, त्याचा निम्मा १६६.

म्हणजे शस्त्रक्रियेने घडवलेला बदल १६६ अंशांवर १.०४ डायऑप्टरचा आहे. साध्या वजाबाकीने त्यातला चौथ्या भागाहून जास्त हिस्सा लपवला होता. शिवाय या उत्तरातून आणखी एक गोष्ट वाचता येते. आडवा घटक ०.९३ आहे, म्हणजे ९० अंशांवरच्या छेदाने त्या दिशेला तेवढी सपाटी आणली. उभा घटक ०.४८ आहे. हा भाग वळण कमीही करत नाही आणि वाढवतही नाही, अक्षाला नुसता फिरवतो. छेद ठरलेल्या जागेपासून थोडा सरकला का, एका बाजूला जास्त उघडला गेला का, जखमेच्या एका कडेला जाळून रक्तस्राव थांबवताना जास्त उष्णता लागली का, हे प्रश्न विचारायची वेळ अशा वेळी येते.

तक्ता कसा मांडावा

एक्सेलसारख्या कुठल्याही तक्त्यात हे रकाने करा: नोंदणी क्रमांक, कोणता डोळा, छेदाची जागा अंशांत, छेदाची रुंदी, आधीचा सिलिंडर आणि अक्ष, नंतरचा सिलिंडर आणि अक्ष, मोजणीची तारीख, यंत्र. पुढचे रकाने सूत्रांचे.

तीन ठिकाणी हमखास अडखळायला होतं. एक, तक्त्यातले साइन-कोसाइन अंशांत चालत नाहीत, रेडियनमध्ये चालतात. म्हणून कोनाला ३.१४१६ ने गुणून १८० ने भागा. दोन, शेवटचा कोन काढताना साधं उलट-टॅन सूत्र वापरलं तर ते डावी-उजवी बाजू ओळखत नाही आणि उत्तर ९० अंशांनी चुकू शकतं. दोन्ही घटक वेगवेगळे मागणारं सूत्र वापरा. निम्मा केलेला कोन ऋण आला तर त्यात १८० मिळवा. तीन, उजवा आणि डावा डोळा एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. उजव्या डोळ्यातले ४५ अंश म्हणजे डाव्यातले १३५. दोन्ही डोळे एकत्र धरायचे असतील तर एका बाजूच्या सगळ्या डोळ्यांचा अक्ष, छेदाच्या जागेसकट, १८० मधून वजा करून घ्या.

तक्ता तयार झाला की तीन खोटे डोळे घालून तपासा. आधी आणि नंतर सारखंच असेल तर उत्तर शून्य आलं पाहिजे. आधी ९० वर १.००, नंतर १८० वर १.०० असेल तर उत्तर १८० वर २.००. आधी ५ वर १.००, नंतर १७५ वर १.०० असेल तर उत्तर १३५ वर ०.३५. ही तीन उत्तरं बरोबर आली की मगच खऱ्या रुग्णांचे आकडे भरा.

अनेक डोळ्यांचा हिशेब

एका डोळ्यावरून स्वतःच्या हाताबद्दल मत बनवू नका. त्याच पद्धतीचे, त्याच जागेच्या छेदाचे निदान ३० डोळे जमू द्या. एकाच रुग्णाचे दोन्ही डोळे असतील तर ते एकमेकांसारखे वागतात हे लक्षात ठेवा. शक्य तिथे एकच घ्या.

आता सरासरी काढायची. इथे पुन्हा तीच चूक वाट पाहत असते. समजा तीन डोळे आहेत. पहिल्यात १८० अंशांवर ०.५० चा बदल, दुसऱ्यात ६० वर ०.५०, तिसऱ्यात १२० वर ०.५०. आकड्यांची सरासरी ०.५०. पण नकाशावर हे तिघे तीन वेगळ्या दिशांना सारख्या जोराने ओढतात आणि एकमेकांना पूर्ण संपवतात. दिशेसकट सरासरी शून्य येते. या दिशेसकट सरासरीला सेंट्रॉइड म्हणतात. आडव्या घटकांची सरासरी आणि उभ्या घटकांची सरासरी काढली की त्यातून सेंट्रॉइड मिळतो.

दोन्ही सरासऱ्या लिहा, कारण त्या वेगवेगळं सांगतात. सेंट्रॉइड सांगतो की तुमचा छेद ठरावीक दिशेला किती ओढतो. आकड्यांची सरासरी सांगते की एकेक डोळा किती हलतो. सिलिंडर घालवणाऱ्या टोरिक लेन्सच्या गणकात शस्त्रक्रियेचा परिणाम भरायचा रकाना असतो, तिथे सेंट्रॉइड भरायचा. कानशिलाच्या बाजूच्या लहान छेदासाठी तो बहुतेकदा ०.१ ते ०.२ च्या आसपास असतो. तिथे आकड्यांची सरासरी म्हणून ०.५० भरलं, तर जी ओढ प्रत्यक्षात नाहीच तिच्यासाठी आपण रुग्णाची लेन्स बदलतो.

सगळे डोळे ठिपक्यांच्या रूपात नकाशावर मांडून पाहा. ठिपक्यांचा पुंजका घट्ट असेल तर हात स्थिर आहे. पुंजका पसरट असेल तर आधी मोजणी तपासा, मग छेद.

चष्मा आणि कॉर्निया एक नव्हेत

गुरुजींच्या चिठ्ठ्यांकडे परत येऊ. त्यांच्या चष्म्याचा सिलिंडर २ डायऑप्टरने फिरला होता. त्यांची के रीडिंग काढली. आधी ९० अंशांवर ०.५० आणि नंतर १८० अंशांवर ०.७५. कॉर्नियातला बदल १.२५. वरून घेतलेल्या सहा-साडेसहा मिलिमीटरच्या छेदाला साजेसाच. उरलेला वाटा कुठून आला? काढून टाकलेल्या मोतीबिंदूच्या भिंगातही थोडा सिलिंडर होता, तो भिंगासोबत गेला. म्हणून छेदाचा परिणाम नेहमी कॉर्नियावर मोजावा. चष्म्याच्या नंबरावरून मोजला तर भिंग काढल्याचा परिणाम छेदाच्या माथी येतो.

शस्त्रक्रियेनंतर कॉर्नियावर ०.७५ आणि चष्म्यात १.०० का, याचंही उत्तर आहे. कॉर्नियाला मागचा पृष्ठभागही असतो आणि साधं केरॅटोमीटर तो पाहत नाही. बहुतेक डोळ्यांत तो उभ्या दिशेने जास्त वळलेला असतो आणि उलट काम करतो, म्हणजे आडव्या दिशेला सरासरी ०.३० डायऑप्टरच्या आसपास सिलिंडर घालतो. डग्लस कॉख आणि सहकाऱ्यांनी हे २०१२ साली ठळकपणे पुढे आणलं. त्यामुळे पुढच्या पृष्ठभागावर उभं वळण जास्त असेल तर एकूण दोष रीडिंगपेक्षा कमी निघतो, आणि आडवं वळण जास्त असेल तर रीडिंगपेक्षा अधिक. टोरिक लेन्सचा गणक मागच्या पृष्ठभागाचा हिशेब धरतो की नाही, हे वापरण्याआधी पाहून घ्या.

टोरिक लेन्स: दहा अंशांची किंमत

टोरिक लेन्स ठरलेल्या अक्षावर बसली नाही तर उरलेला सिलिंडर काढायचं सूत्र सोपं आहे: लेन्सचा कॉर्नियावरचा सिलिंडर गुणिले दोन, गुणिले चुकलेल्या कोनाचा साइन. २.०० च्या लेन्ससाठी ५ अंश चुकले तर ०.३५ उरतो. १० अंश चुकले तर ०.६९, म्हणजे तिसऱ्या भागाहून थोडं जास्त. ३० अंश चुकले तर पूर्ण २.०० उरतो, फक्त नव्या अक्षावर. एवढा खर्च करून लेन्स बसवली आणि रुग्ण होता तिथेच राहिला, अशी ही अवस्था.

म्हणून अक्षाची खूण रुग्ण ताठ बसलेला असतानाच करायची. आडवं झाल्यावर डोळा खोबणीत काही अंश फिरतो, आणि कुणाचा किती फिरेल हे आधी सांगता येत नाही. खूण करताना रुग्णाने लांब समोर पाहावं, डोकं सरळ असावं, शाईचा ठिपका बारीक असावा. जाड ठिपकाच काही अंश खाऊन टाकतो.

शस्त्रक्रियेनंतर लेन्स फिरली तर ती बहुधा पहिल्या तासांत किंवा पहिल्या दिवसात फिरते. नंबर मनासारखा आला नाही तर बाहुली मोठी करून स्लिट लॅम्पवर लेन्सवरच्या खुणांचा अक्ष वाचा आणि लिहून ठेवा. लेन्स जागेवरच असेल तर चूक मोजणीत, मागच्या पृष्ठभागात, कोरड्या डोळ्यात किंवा लेन्सच्या कलात शोधा. शोध घेतल्याशिवाय लेन्स फिरवायला घाई करू नका.

ठरवलं काय, घडलं काय, उरलं काय

ज्या शस्त्रक्रियेत सिलिंडर घालवणं हाच हेतू असतो, उदाहरणार्थ लेसर किंवा कॉर्नियावरचे शिथिल करणारे छेद, तिथे मेलबर्नचे नोएल अल्पिन्स यांनी १९९३ साली मांडलेली पद्धत वापरावी. तीत तीन सदिश असतात: जो बदल घडवायचा होता तो, जो प्रत्यक्ष घडला तो, आणि या दोहोंमधलं अंतर. घडलेल्याला ठरवलेल्याने भागलं की गुणोत्तर मिळतं. १ म्हणजे नेमकं, ०.८० म्हणजे पाचवा भाग कमी पडला, १.२० म्हणजे तितकंच जास्त झालं. अंतराला ठरवलेल्याने भागलं की यश किती ते कळतं. ते शून्याच्या जितकं जवळ, तितकं चांगलं. घडलेल्या आणि ठरवलेल्या अक्षांतला कोन सतत एकाच बाजूला झुकत असेल तर खूण करण्यात किंवा डोक्याच्या ठेवणीत काहीतरी पद्धतशीर चूक आहे.

लेसरच्या बाबतीत चष्म्याचा नंबर आधी कॉर्नियाच्या पातळीवर आणून घ्या. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो आणि मोठ्या नंबरांत हे अंतर फरक पाडतं. मोतीबिंदूच्या ज्या शस्त्रक्रियेत सिलिंडर घालवायचा हेतूच नव्हता, तिथे हे गुणोत्तर काढू नका. ठरवलेलं जवळजवळ शून्य असेल तर भागाकाराला अर्थ उरत नाही.

रुग्ण आणि नातेवाइकांसाठी

शस्त्रक्रियेआधीची चिठ्ठी, बायोमेट्रीचा कागद आणि बसवलेल्या लेन्सचं कार्ड एका पिशवीत जपून ठेवा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी याच कागदांवरून डॉक्टर छेदाची जागा ठरवू शकतात. चष्मा घ्यायला डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपर्यंत थांबा. लवकर घेतलेल्या चष्म्याचा अक्ष महिन्याभरात बदलू शकतो. अक्षरं धूसर दिसत असतील तर 'दिसत नाही' एवढंच सांगू नका. कोणती रेघ धूसर आहे, उभी की आडवी, सावली वर पडते की बाजूला, हे सांगा. आपली देवनागरी यासाठी उत्तम तक्ता आहे. तिच्यात ठळक आडवी शिरोरेषा आहे आणि उभा कानाही.

गुरुजींना उणे १.००, अक्ष ९० चा चष्मा दिला तेव्हा पाटीवरचा काना एकेरी झाला. मग मी आमच्या वरून घेतलेल्या छेदांचे तोवरचे सगळे डोळे तक्त्यात मांडले. ठिपके नकाशाच्या उजव्या बाजूला दाटीने बसले. म्हणजे माझ्या छेदाची ओढ ठरलेली होती आणि इतके दिवस मी ती वजाबाकीच्या एका आकड्याआड झाकून ठेवली होती. चार महिन्यांनी गुरुजींचा दुसरा डोळा केला तेव्हा टेबलाच्या डोक्याकडे न बसता बाजूला बसलो आणि छेद कानशिलाकडून घेतला. तीन महिन्यांनंतरच्या चिठ्ठीवर सिलिंडर ०.५० आला. त्या आकड्याशेजारी अक्षही लिहिला, आणि दोन्ही त्याच दिवशी तक्त्यात भरले.